मागचे चार स्क्रू

आत्या आता मुलाकडे ठाण्याला राहते, म्हणून रोह्याचं घर आवरायचं काम माझ्याकडे आलं. मे महिन्यात एका रविवारी पेणहून मेमूने गेलो. माळ्यावर तांब्याची घंगाळं, काकांच्या कंपनीतल्या डायऱ्या आणि जुन्या नऊवारीत गुंडाळलेला त्यांचा स्टिरिओ. कॉस्मिकचा अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि गुडघ्याएवढे दोन लाकडी स्पीकर. काका धाटावच्या एमआयडीसीत होते. १९८३ च्या दिवाळीचा बोनस आणि वर आत्याची साठवण घालून त्यांनी तो मुंबईहून आणला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा. अख्ख्या आळीने घरात येऊन आधी डाव्या स्पीकरला कान लावला, मग उजव्याला, हे मला लख्ख आठवतंय.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या पेणच्या घरातला साउंडबार बंद पडला. घेऊन जेमतेम सव्वादोन वर्षं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने प्लग लावला, काढला आणि म्हणाला, "काका, बोर्ड गेलाय. या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका." उघडूनसुद्धा पाहिलं नाही. उघडणार कसा? त्याला बाहेरून स्क्रूच नव्हते.

कॉस्मिकला मागे चार होते. ते काढले तर आतला प्रत्येक भाग दिसत होता, बोट जाईल एवढी जागा होती, आणि सोबतच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सर्किटचा अख्खा नकाशा छापलेला. म्हणजे कंपनीने गृहीतच धरलं होतं, की हे यंत्र एक दिवस बिघडेल आणि कुणीतरी ते उघडेल.

आधी आवाजाचा मुद्दा निकालात काढू, नाहीतर जाणकार मंडळी तिथेच अडकतील. जुन्याचा आवाज "जास्त खरा" असतो, हे मला पटत नाही. रेकॉर्डवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल मावतं; १९८२ साली आलेल्या सीडीवर ९६. रेकॉर्डला खरखर आहे, मोटरची घरघर आहे, आणि आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीसुद्धा आहे. आजचा पाच हजारांचा स्पीकर मापात अनेक जुन्या सेटना मागे टाकेल. मात्र एक गंमत बघा. इंग्लंडात अ‍ॅलन ब्लमलाइन याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीचं पेटंट १९३१ साली मागितलं, आणि स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात यायला १९५८ उजाडलं. एवढ्या खटपटीनंतर डावा-उजवा आवाज घरात आला. आणि आज आपण काय ऐकतो? टेबलावरचा एक ब्लूटूथ डबा. दोन्ही वाहिन्या एका वीतभर जागेतून. काकांच्या खोलीत तबला एका बाजूला आणि सारंगी दुसऱ्या बाजूला बसायची. आमच्या हॉलमध्ये दोघं एकमेकांच्या मांडीवर बसतात.

तरी जुना काळ सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. ज्यांचा जन्म नव्वदनंतरचा आहे त्यांना हे खोटं वाटेल, पण घरात साधा रेडिओ ठेवायला सरकारचं लायसन लागायचं. पोस्टात जायचं, फी भरायची, पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, दरवर्षी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ते बंद झालं. आयातीवरचं नियंत्रण त्याहून जुनं, दुसऱ्या महायुद्धातलं. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईपायी ते आणखी घट्ट झालं. (पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे आपल्याच जिल्ह्याचे. रोह्यात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. हा काही त्यांच्यावर ठपका नाही, तिजोरीत डॉलर नव्हते हे खरंच होतं.) परिणाम असा, की चैनीची वस्तू बाहेरून येणं मुश्कील आणि इथे बनलेली महाग. ठाण्यात मर्फीचा कारखाना, पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्सचा, रेकॉर्डसाठी कलकत्त्याजवळ डमडमला एचएमव्ही. निवड संपली. पेणमध्ये ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आहे अशी घरं लहानपणी आम्हाला तोंडपाठ होती.

आणि इथेच मला जो मुद्दा मांडायचाय तो आहे. जुनी यंत्रं दुरुस्त व्हायची ती त्या काळची माणसं थोर होती म्हणून नाही. वस्तू काही महिन्यांच्या पगाराची होती, दुसरी मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून ती दुरुस्त होण्याजोगी बनवणं कंपनीला भाग होतं आणि दुरुस्त करणारा माणूस गावोगाव तयार होणंही भाग होतं. टंचाईने दिलेली ती विद्या होती. टंचाई गेली हे उत्तम झालं. विद्याही तिच्याबरोबर गेली, ते मात्र कुणी ठरवून केलं नाही; आपलं लक्षच नव्हतं.

टंचाईला पहिलं भगदाड पाडलं ते आखाताने. रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, महाड या पट्ट्यातली कितीतरी माणसं दुबई, कुवेत, मस्कतला गेली. सुट्टीवर येताना ब्लँकेट, अत्तर आणि टू-इन-वन ठरलेला. दोन स्पीकर, मधे कॅसेट, लाइट गेली तर मागे सहा मोठे सेल. ज्या घरात कधी रेकॉर्ड प्लेअर आला नसता, तिथे स्टिरिओ पोचला तो असा. फिलिप्सने कॅसेट काढली १९६३ साली, पण आपल्याकडे तिचं राज्य ऐंशीच्या दशकातलं. तोवर काय रेकॉर्ड व्हायचं हे बरंचसं एकाच कंपनीच्या हातात होतं. कॅसेट स्वस्त झाली आणि छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं आमच्या इकडच्या हळदीत वाजायला लागली ती कॅसेटवरूनच. जुन्या महागड्या स्टिरिओच्या प्रेमात पडताना हे विसरून चालणार नाही.

मग नव्वदच्या दशकातला तो "२००० वॉट पीएमपीओ"चा बाजार आला. खरा आवाज वीस-पंचवीस वॉटचा, बाकी स्टिकर. १ एप्रिल २००१ ला उरलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंधही उठले, आणि त्यानंतर वस्तूपेक्षा दुरुस्ती महाग व्हायला वेळ लागला नाही.

पेणला कासार आळीच्या पलीकडे एका बोळात आप्पांचं दुकान आहे. आप्पा तरुणपणी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काम शिकले, मग इथे आले. त्यांचं मुख्य गिऱ्हाईक कोण, तर गणपतीचे कारखाने. सीझनला रात्र-रात्र काम चालतं, गाणी लागतातच. पण शाडूची धूळ टेपच्या हेडवर बसते, आवाज आधी दबका होतो आणि मग जातो. आप्पा स्पिरिटचा बोळा फिरवायचे, पाच मिनिटांत सेट परत. "शाडूने मला पोसलं," म्हणतात. आता कारखान्यांत मोबाइल आणि ब्लूटूथ डबे. बंद पडले की आप्पांकडे येतात, आप्पा बाजूने पातं घालून बघतात, आत बॅटरी चिकटवलेली, चिपवरचा नंबर घासून पुसलेला. परत देतात. माझा साउंडबारही परत दिला. तो भंगारात वजनावर गेला.

काकांच्या सेटला त्यांनी दोन दिवस घेतले. सुकलेले कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमचा खरखरणारा पॉट साफ केला, प्लेअरचा विरघळून चिकट झालेला बेल्ट काढला. साडेआठशे रुपये. सुईच तेवढी मिळत नव्हती, ती आम्ही ऑनलाइन मागवली. जगभर पुन्हा रेकॉर्ड खपायला लागल्यात म्हणून ती अजून बनते. नव्या बाजाराचे एवढे उपकार मानलेच पाहिजेत.

हा फक्त छंदाचा विषय नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रोह्याच्या घरी कित्येक दिवस लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. आत्याच्या जुन्या टू-इन-वनमध्ये सेल घातले आणि मीडियम वेव्हवर मुंबई आकाशवाणी लागली. शेजारपाजारचे ओटीवर येऊन बातम्या ऐकायचे. तो सेट आप्पांनीच दोनदा जिवंत केलेला होता.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि गोळा करून पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. कागदावर ठीक. पण पोर्टलवर कंपनीने स्वतःचं सर्व्हिस सेंटर दाखवलं म्हणून आप्पांच्या हातात सर्किटचा नकाशा येत नाही. फ्रान्समध्ये २०२१ साली मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. वीजबचतीचे तारे आपण फ्रीजवर बघून घेतोच. हा आकडाही तिथेच छापायला काय हरकत आहे? सुटे भाग किती वर्षं मिळतील तेही लिहा. आपल्या खासदारांना, आमदारांना विचारण्यासारखी ही गोष्ट आहे, कारण गटारात अडकलेले ते काळे डबे शेवटी नगरपालिकेलाच उपसावे लागतात.

आप्पा दिवाळीनंतर दुकान बंद करतायत. डोळ्यांना आता बारीक सोल्डरिंग झेपत नाही. मुलगा पनवेलला नोकरीला, शिकायला कुणी आलं नाही. मागच्या आठवड्यात गेलो तर त्यांनी एक लाकडी खण माझ्यापुढे सरकवला. बेल्ट, फ्यूज, नॉब आणि वर्षानुवर्षं हाताने काढलेल्या सर्किटच्या तीन वह्या. "तू घेऊन जा," म्हणाले, "तुला येत नाही ते माहितेय. पण कुणी विचारत आलं तर दे." वह्या सध्या माझ्याकडे आहेत. पेण-रोहा परिसरात कुणाला हव्या असतील तर सांगा, मी आणून देईन.