रंग आधी की जुळणी आधी?
जुनी मोटार पुन्हा उभी करताना रंग कधी द्यावा, याचे उत्तर माझ्या मते कारखान्यांच्या इतिहासात सापडते. घोडागाड्यांच्या परंपरेतून आलेल्या सुरुवातीच्या मोटारींवर व्हार्निशचे थर हाताने चढत; प्रत्येक थर वाळवून घासायचा, त्यामुळे एका गाडीला कित्येक आठवडे लागत. 1923 साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांसाठी ड्यूपाँचे ‘ड्यूको’ लॅकर वापरात आले आणि तेच काम फार थोड्या वेळात होऊ लागले. साहित्य बदलले, क्रम मात्र टिकला: आधी बॉडीला रंग, मग काचा, रबर, वायरिंग, आसने. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट 1100ला तर वेगळी चासीच नव्हती. बॉडी हाच तिचा सांगाडा. रंग राहून गेलेल्या सांध्यात गंज धरला, तर अशा गाडीचा आधारच पोखरला जातो.

यावर आक्षेप असा की, रंगानंतर जुळणी केली तर ओरखडे पडतात. ते खरेच आहे. शिवाय कारखान्याचे पत्रे साच्यातून ताजे निघत. जुन्या गाडीचे पत्रे ठोकलेले, वेल्डिंग केलेले असतात, ते सहज जुळत नाहीत. म्हणूनच दारे, बॉनेट, डिकी रंगापूर्वी एकदा बसवून फटी नीट करून घ्याव्यात आणि मग सारे पुन्हा उतरवून रंगवावे. दुप्पट मेहनत पडते, पण ओरखडा नंतर दुरुस्त होतो. रबराखाली लपलेला गंज मात्र पत्रा फुगल्यावरच दिसतो. नुसत्या प्रायमरवर गाडी महिनोन्‌महिने ठेवणेही घातक, कारण बहुतेक जुने प्रायमर ओल शोषतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती ओल थेट पत्र्यापर्यंत पोचते.