कमी पाण्यात पातळ माल

स्लॅब भरताना मिक्सरपाशी दोन हाका एकदम येतात. वरून मिस्त्री ओरडतो, "माल घट्ट येतोय, पाणी मार!" खाली उभा असलेला इंजिनिअर बजावतो, "मापाबाहेर थेंब नको." दोघांचेही खरे असते. घट्ट माल सळयांच्या जाळीत नीट शिरत नाही आणि साचे काढल्यावर तुळईच्या अंगावर भोके दिसतात. पाणी वाढवलेला माल सुरेख पसरतो, पण वाळल्यावर कमजोर निघतो. या भांडणात मध्यस्थी करणारे द्रव्य म्हणजे प्लास्टिसायझर. साइटवर त्याला कोणी एवढ्या लांब नावाने हाक मारत नाही. 'केमिकल टाकलं का?' एवढेच विचारतात.

या केमिकलचे कूळ सिमेंटच्या कारखान्यात शोधून सापडणार नाही. त्याचे पूर्वज कागदगिरणीच्या सांडपाण्यात, कापड रंगवणाऱ्यांच्या भांडारात आणि एका साबण कंपनीत भेटतात. काँक्रीटसाठी म्हणून त्यांतले जवळजवळ कोणीच जन्माला आले नव्हते.

आधी भांडणाचे मूळ पाहू. जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे काँक्रीटमध्ये पाणी किती घालायचे हे बहुतेक ठिकाणी हाताच्या अंदाजावर ठरत होते. शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ एब्रॅम्स यांनी असंख्य ठोकळे दाबून फोडले आणि १९१८ मध्ये नियम मांडला. काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. पाणी वाढले की ताकद घटते.

त्यामागचा हिशेब एका गोणीवर मांडता येतो. ५० किलो सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी साधारण साडेअकरा लिटर पाणी लागते. त्या क्रियेत जो चिकट पदार्थ तयार होतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत आणखी साडेसात लिटर अडकून राहते. म्हणजे एकोणीस लिटरमध्ये सिमेंटचे पोट भरते. पण नुसत्या पाण्यावर माल थापीला वळायचा तर गोणीमागे पंचवीस ते तीस लिटर ओतावे लागते. वरचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक नळ्यांचे जाळे मागे उरते. त्याच वाटेने ओल, हवा आणि समुद्रकाठचे क्षार सळईपर्यंत पोहोचतात.

हे जास्तीचे पाणी लागते तरी कशाला? सिमेंटच्या कणांच्या पृष्ठभागावर कुठे धन, तर कुठे ऋण विद्युतभार असतो. पाण्यात पडताच कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि बरेचसे पाणी त्या पुंजक्यांच्या पोटात कोंडले जाते. पाणी असते, पण ते वंगणाच्या कामी येत नाही. म्हणून मिस्त्री आणखी मागतो. पुंजके फोडले तर कोंडलेले पाणी आपोआप मोकळे होईल. प्लास्टिसायझर नेमके हेच करतो. त्याचे रेणू कणांवर जाऊन बसतात, सगळ्यांना सारखाच ऋणभार देतात आणि मग कण एकमेकांना दूर ढकलतात.

बांधकामाच्या मालात भलतेसलते पदार्थ मिसळण्याची रीत अर्थात फार जुनी. आपल्याकडच्या चुन्याच्या कामात गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद पडत असत. किल्ल्यांवर चुना मळायच्या घाणीचे गोल दगडी चर आजही दिसतात. गुळातली साखर चुन्याशी संयोग पावते आणि चुना पाण्यात अधिक विरघळतो. पण चुन्याला मानवलेली ही गोडी सिमेंटला मुळीच मानवत नाही. वजनाच्या ०.०५ टक्के साखरेनेही सिमेंटचे घट्ट होणे काही तास लांबते. थोडी अधिक पडली तर ते घट्ट व्हायचेच नाव घेत नाही. साखरेचा हा स्वभाव कथेत पुढे पुन्हा आडवा येतो.

थेट पूर्वज मात्र लाकडात आहे. झाडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन लाकडात साधारण पाव हिस्सा असते. कागदाला तंतू हवे असतात, लिग्निन नको असते. बेंजामिन टिल्घमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १८६७ मध्ये सल्फाइटच्या द्रावणात लाकूड शिजवून लिग्निन विरघळवण्याची रीत पेटंट केली. स्वीडनमध्ये १८७४ च्या सुमारास तिच्यावर गिरणी चालू झाली, मग इतर देशांतही. तंतूंचा कागद झाला आणि उरलेले तपकिरी पाणी नद्यांत सोडले जाऊ लागले. त्या पाण्यात लिग्निनचे सल्फोनेट होते. ते पाण्यात सहज विरघळणारे आणि कणांवर जाऊन बसणारे होते.

या टाकाऊ मालाला काँक्रीटमध्ये जागा मिळाली ती १९३० च्या दशकात अमेरिकेत. एडवर्ड स्क्रिप्चर यांना त्याचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. पण लाकडातली साखरही त्याच पाण्यात उतरलेली असते. ती काढल्याशिवाय हे द्रव्य भरवशाचे होत नव्हते. माल पातळ व्हायचा, पण वेळेवर बसायचा नाही. म्हणून सांडपाणी आंबवून साखरेचा अल्कोहोल करून घेणे, ती अन्य मार्गाने काढणे, असे उपाय निघाले. तरीही लिग्नोसल्फोनेटचा हात जास्त पडला की सिमेंट उशिरा बसते. झाडात तंतू जोडून धरणारे लिग्निन सिमेंटमध्ये कण वेगळे करण्याच्या कामाला लागले. पाण्याची बचत साधारण ५ ते १० टक्के होई. द्रव्य स्वस्त होते, म्हणून पुढची तीस वर्षे त्याचेच राज्य चालले.

त्याच दशकात दुसरी शाखाही उगवली होती. अमेरिकेत रस्त्याच्या काँक्रीटला गडद रंग देण्यासाठी काजळी मिसळत. काजळी सारखी पसरेना. कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या नॅफ्थलीनपासून केलेली सल्फोनेट द्रव्ये चामडे कमावणाऱ्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या ओळखीची होती. ती घातल्यावर काजळी पसरली आणि सिमेंटचे कणही सुटे झाले. १९३८ मध्ये जॉर्ज टकर यांनी याच वर्गातल्या द्रव्यांचे पेटंट घेतले. पण लिग्निन फुकटाच्या भावात मिळत असताना महाग नॅफ्थलीनकडे वळणार कोण?

वळली ती जपानमधली काओ ही साबणाची कंपनी. कणांवर बसणारे रेणू हा साबणवाल्यांचा रोजचाच विषय. तिथे केनिची हात्तोरी यांनी १९६० च्या दशकात नॅफ्थलीनच्या लांब साखळ्यांचे द्रव्य सिद्ध केले. त्याच सुमारास जर्मनीत, बव्हेरियातल्या ट्रोस्टबर्गच्या रासायनिक कारखान्यात मेलामाइनपासून तसेच द्रव्य तयार झाले. दोघांचा रोख मात्र वेगळा होता. जपानी लोकांनी पाणी कमी करून अधिक ताकदीचे काँक्रीट करण्यावर भर दिला. जर्मनांनी पाणी तेवढेच ठेवून आपोआप वाहणारा माल केला. पाण्यात वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत काट मारणाऱ्या या पिढीला 'सुपरप्लास्टिसायझर' म्हणू लागले. तिसरा उपयोग हिशेबनिसाला आवडणारा आहे. गुणोत्तर तेच ठेवून पाणी आणि सिमेंट दोन्ही कमी करता येतात.

या पिढीचा दोष असा, की पातळपणा टिकत नसे. अर्ध्या-पाऊण तासात माल पुन्हा घट्ट होऊ लागे. काँक्रीट प्लांटवर कालवून गाडीने लांब न्यायचे म्हटल्यावर हे परवडेना. त्यावर तोड पुन्हा जपानमधून आली. १९८० च्या दशकात निप्पॉन शोकुबाई कंपनीने पॉलिकार्बोक्सिलेट बाजारात आणले. त्याचा रेणू कंगव्यासारखा असतो. पाठीचा कणा सिमेंटच्या कणावर चिकटतो आणि दाते बाहेर पाण्यात पसरतात. दोन कण जवळ यायला लागले की दात्यांची आडकाठी होते. नुसत्या विद्युतभारावर भिस्त नसल्याने पाणी चाळीस टक्क्यांपर्यंत वाचू शकते, आणि दात्यांची लांबी-संख्या बदलून पातळपणा किती वेळ टिकवायचा हेही ठरवता येते.

याच काळात टोकियो विद्यापीठातले हाजिमे ओकामुरा एका वेगळ्या चिंतेत होते. जपानमध्ये काँक्रीट नीट दाबून बसवणारे कसबी कामगार कमी होत चालले होते. १९८६ मध्ये त्यांनी सुचवले, की व्हायब्रेटरशिवाय स्वतःच्या वजनाने साचा भरणारे काँक्रीट हवे. दोन वर्षांत त्याचा नमुना तयार झाला. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या आकाशी काइक्यो पुलाच्या प्रचंड नांगर-ठोकळ्यांत ते वापरले गेले.

आपल्याकडे या द्रव्यांसाठी आयएस ९१०३ हे मानक १९७९ मध्ये आले, त्याची सुधारित आवृत्ती १९९९ मध्ये. काँक्रीटकामाच्या आयएस ४५६ या मानकाने २००० साली मात्रेची मर्यादा घातली. सिमेंटी द्रव्याच्या वजनाच्या प्रमाणात प्लास्टिसायझर १ टक्का आणि सुपरप्लास्टिसायझर २ टक्के. म्हणजे गोणीमागे अर्धा किंवा एक किलोची ही कमाल झाली; प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमीच पडते.

आता या घराण्यापुढे नवी अडचण आहे. नदीची वाळू दुर्मीळ झाली आणि महाराष्ट्रात दगड फोडून केलेली क्रश सँड सर्रास वापरात आली. तिच्या भुकटीत काही जातींची चिकणमाती असली, तर पॉलिकार्बोक्सिलेटचे दाते मातीच्या थरांत ओढले जातात आणि सिमेंटच्या वाट्याला काहीच उरत नाही. सिमेंटचा ब्रँड बदलला तरी तेच केमिकल वेगळे वागू शकते. म्हणून खरे काम डब्यावरची मात्रा वाचून होत नाही. त्याच वाळूवर, त्याच सिमेंटवर आधी चाचणी करावी लागते.

आणि एवढे करूनही गाडी साइटवर पोहोचली, माल जरा घट्ट वाटला, की ड्रमवर पाण्याचा पाइप लावणारा हात निघतोच. प्लास्टिसायझर स्वतः काँक्रीटला ताकद देत नाही. ती न घातलेल्या पाण्यातून येते. केमिकलही घातले आणि पाणीही मारले, तर मिस्त्रीचे काम दुप्पट सोपे होते आणि ठोकळा मात्र पहिल्याइतकाच कच्चा फुटतो.