जोहार ते जय भीम : संबोधनाचा इतिहास

भाषेचा औपचारिक वापर वेगळा आणि अनौपचारिक वापर वेगळा. स्थळ, प्रसंग व नाते पाहून बोलणारा त्यांतून निवड करतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मीही वर्गात हेच शिकवतो. परंतु निवड करण्याचा हा अधिकार कोणाला होता, हा प्रश्न त्या पुस्तकांत येत नाही. मराठी समाजाचा इतिहास पाहणाऱ्याला तो टाळता येणार नाही.

गावगाड्यात संबोधनही जन्मानेच वाट्याला येई. ब्राह्मणांचा नमस्कार, मराठ्यांचा रामराम आणि महाराने घालायचा तो जोहार. तो वाकून, अंतर राखून घालायचा. त्याला उलट जोहार मिळत नसे. साठीच्या महाराने पाटलाच्या पोराला 'अहो' म्हणायचे आणि त्या पोराने त्याला 'अरे' म्हणायचे, ही रीत होती. कोंडिबाचा कोंड्या आणि धोंडिबाचा धोंड्या याच रीतीने झाला. व्याकरणात 'तू' हे जवळिकीचे सर्वनाम आहे. आईला आपण 'तू' म्हणतो, मित्राला म्हणतो, देवालाही म्हणतो. महारवाड्यात आमची माणसे एकमेकांना 'तू' म्हणत, त्यात माया होती. गावाकडून येणाऱ्या 'तू'मध्ये हुकूम होता. शब्द एकच, पण जिथे उलट 'तू' म्हणता येत नाही, तिथे त्याला अनौपचारिक म्हणणे ही फसवणूक आहे.

शब्दांवरची ही मालकी केवळ रूढीने टिकली नाही, तिच्यामागे राजसत्ताही उभी राहिली. दैवज्ञ सोनार आपसांत 'नमस्कार' म्हणू लागले, तेव्हा पेशवाईला ते सहन झाले नाही. १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने तेथील सोनारांना तशी मनाई केली. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये (१९३६) हे उदाहरण दिले आहे. सोनारांची ही गत, तर वेशीबाहेरच्यांची काय कथा! अस्पृश्याने सुसंस्कृत भाषा बोलणे हा गावाच्या लेखी गुन्हाच होता आणि त्याचे नावही हीनत्व दाखवणारेच असावे लागे, हे बाबासाहेबांनी अन्यत्र नोंदवून ठेवले आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतील प्रौढ, रेखीव मराठीचा अर्थ कळतो. ते पांढरपेशांचे अनुकरण होते असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जी भाषा बोलणे हाच गुन्हा, त्या भाषेत अग्रलेख लिहिणे हे बंडच होय.

जोतीरावांनी त्याआधी दुसरी वाट धरली होती. 'गुलामगिरी' (१८७३) त्यांनी संवादरूपाने, बोलत्या मराठीत लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. पण त्याच 'गुलामगिरी'ला इंग्रजी प्रस्तावना आहे. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांची बोलती मराठी हे अज्ञान नव्हते, ती निवड होती. वाचक कोण, हे त्यांनी आधी ठरवले होते.

'जय भीम'चे महत्त्व मला इथेच दिसते. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. जोहार एकाच दिशेने जाई. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम' हेच. प्राध्यापकाने म्हणावे, शिपायाने म्हणावे, सासूने सुनेला म्हणावे. सभेत चालते, चुलीपाशीही चालते. औपचारिक आणि अनौपचारिक यांमधली भिंत या दोन शब्दांनी आमच्यापुरती तरी पाडली.

पुढे 'गोलपिठा' (१९७२) आणि 'बलुतं' (१९७८) यांनी वस्तीची भाषा थेट छापील पानावर आणली. तिला 'शिवराळ' म्हणून नाके मुरडणाऱ्यांना आमच्या आज्यापणज्यांना घातलेल्या शिव्या मात्र कधी खटकल्या नव्हत्या.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आज माझ्या वर्गात पहिल्या पिढीची मुले येतात. 'पानी', 'व्हता' असे तोंडून निघाले की बाकीचे हसतात आणि ते मूल वर्षभर गप्प बसते. या मुलांना प्रमाण मराठी आलीच पाहिजे. अर्ज, मुलाखत आणि न्यायालय तिच्याशिवाय चालत नाही. पण ती हत्यार म्हणून द्यावी, घरच्या बोलीची शिक्षा म्हणून नव्हे. दोन्ही भाषा हाती असल्या आणि कोणती केव्हा वापरायची हे त्यांनी स्वतः ठरवले, तरच पाठ्यपुस्तकातली 'निवड' खरी ठरेल. तोवर वर्गात हसणाऱ्यांना गप्प करणे, हे शिक्षकाचे पहिले काम आहे.