साखळी आणि कलम

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूच्या रामनाथपुरम् जिल्ह्यातील एरवाडी या गावी एका खाजगी मनोरुग्णगृहाला आग लागली. आतील रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. आक्रोश करण्यापलीकडे त्यांना काही करता येण्याजोगे नव्हते. या आगीत २८ जण मृत्युमुखी पडले.

एरवाडीची ख्याती तेथील दर्ग्यामुळे. दर्ग्याचे पाणी आणि तेथील दिव्याचे तेल यांनी मनाची व्याधी दूर होते, बरे झाल्याचा संकेत स्वप्नात मिळतो आणि मग घरी परतावयाचे, अशी तेथे येणाऱ्यांची श्रद्धा. संकेत कधी मिळेल याला मुदत नसे. या अनिश्चित प्रतीक्षेच्या आधारानेच दर्ग्याभोवती खाजगी मनोरुग्णगृहे उभी राहिली. नातेवाईक पैसे देत आणि रुग्णाला मागे ठेवून गावी परतत. त्यांनी आपल्या माणसाला टाकले असे म्हणणे सोपे आहे, काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु चेन्नईचे सरकारी मनोरुग्णालय तेथून शेकडो किलोमीटर दूर होते, आणि दर्ग्याच्या दारी निदान कोणी परत पाठवीत नव्हते.

या साखळ्या चोरून घातलेल्या नव्हत्या, ही या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब होय. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या दिसत. कायदाही मुका नव्हता. ‘इंडियन ल्यूनसी ॲक्ट’ या १९१२ च्या कायद्याचा रोख मुख्यतः वेड्यांना कोंडून समाजाला निर्धास्त करण्याकडे असला, तरी त्याच्या १३ व्या कलमात एक वेगळाच सूर होता. वेडसर मानल्या गेलेल्या व्यक्तीला नातेवाईक अथवा सांभाळ करणारा अन्य कोणी क्रूरपणे वागवीत असेल किंवा तिची हेळसांड करीत असेल, तर पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याने ते तात्काळ दंडाधिकाऱ्यास कळवावे, असे ते कलम सांगत होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो १९९३ मध्ये अमलात आला, ही तरतूद कायम ठेवली आणि खाजगी संस्थांना परवानाही आवश्यक केला. एरवाडीतील त्या गृहाजवळ परवाना नव्हता.

आगीनंतर मात्र सारे वेगाने घडले. आठवडाभरात तेथील मनोरुग्णगृहे बंद झाली आणि पाचशेहून अधिक रुग्ण सरकारी देखरेखीखाली आले. सर्वोच्च न्यायालयाने वृत्तांची स्वतःहून दखल घेतली. प्रत्येक राज्यात निदान एक सरकारी मनोरुग्णालय असावे, असा आदेश २००२ मध्ये दिला. स्वातंत्र्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी असा आदेश द्यावा लागावा, यावरून या रुग्णांचे शासनाच्या हिशेबातील स्थान कळते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली. तरीही २०१९ च्या जानेवारीत उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे, पुन्हा एका श्रद्धास्थानी, रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि हे माणसाच्या प्रतिष्ठेला काळिमा फासणारे आहे, असे न्यायालयाला सांगावे लागले. हेळसांडीची खबर देण्याची जुनी तरतूद नव्या कायद्याच्या १०१ व्या कलमात आली आहे. ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य तेथे कायम आहेच. पण ज्याला असा प्रकार घडत असल्याचे वाटेल, त्या कोणाही व्यक्तीने तो पोलिसांना कळविला पाहिजे, असेही आता त्यात नमूद आहे.