खुराड्याचा इतिहास

एखाद्या अरुंद, कोंदट खोलीस नांवें ठेवावयाचीं झालीं म्हणजे मराठी माणूस तिला खुराडें म्हणतो. त्या वस्तूविषयींचा आपला सारा अनादर या एका शब्दांत सांठला आहे. कोंबडी पाळणारा गरीब, तेव्हां तिच्या निवाऱ्यास इतिहास तो कसला असणार, असें आपण गृहीत धरून चालतों. परंतु परसांत चार कोंबड्या बाळगून मिठामिरचीचा खर्च भागविणाऱ्या बाईस विचारलें, तर या वास्तूची योग्यता निराळी ठरेल. रानमांजरानें एका रात्रींत चारही कोंबड्यांचे गळे फोडले, कीं तिचें सगळें भांडवल गेलें. पेढीवाल्याच्या दिवाळ्यापेक्षां हें दिवाळें तिच्या दृष्टीनें कांहीं लहान नव्हे. थोडक्या पैशांत, किंबहुना पैशावांचूनच, कोंबडी सकाळपर्यंत जिवंत कशी ठेवावी, हा प्रश्न मनुष्यास फार जुन्या काळापासून पडलेला आहे, आणि त्याच्या कांहीं उत्तरांचा मागोवा घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कोंबडीचें मूळ आग्नेय आशियांतील तांबड्या रानकोंबडींत आहे. मध्य थायलंडांतील बान नोन वाट येथें सांपडलेलीं हाडें हा माणसाळलेल्या कोंबडीचा निश्चित म्हणतां येईल असा सर्वांत जुना पुरावा, व तो इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळांतील, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत प्रतिपादिलें आहे. भाताच्या कोरडवाहू शेतीभोंवतीं सांडलेल्या दाण्यांनीं हा पक्षी माणसाच्या जवळ आला, असें तेथें अनुमान आहे. रानांतील ही कोंबडी रात्रीं झाडावर बसते. खुराड्यांतील दांडी म्हणजे त्याच झाडाची फांदी होय. अंधारांत कोंबडीस दिसत नाहीं व ती जागची हलत नाहीं. म्हणून जो शत्रू तिच्यापर्यंत पोहोंचला त्याला प्रतिकार असा होतच नाहीं. दिवसां तिचें रक्षण तिचें तिनें करावें, रात्रीं मात्र तें माणसानेंच केलें पाहिजे. खुराड्याचें सारें शास्त्र येथून निघतें.

या शास्त्राचा पहिला सविस्तर लेखक कोल्युमेला हा होय. हा मूळचा स्पेनांतील गाडेसचा, म्हणजे आजच्या काडिझचा, इ. स. च्या पहिल्या शतकांत त्यानें शेतीवर लॅटिन भाषेंत जो बारा भागांचा ग्रंथ लिहिला, त्याच्या आठव्या भागांत कोंबड्यांच्या घराचें वर्णन आहे. त्याचें गणित एका माणसाच्या देखरेखीखालीं दोनशें कोंबड्या असें आहे, तेव्हां हा गरिबांचा लेखक नव्हे हें उघड आहे. तरीही त्याच्या सूचना वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, त्यांतील फारच थोड्या पैशाच्या आहेत. बहुतेक लक्ष देण्याच्या आहेत. घर हिवाळ्यांत सूर्य उगवतो त्या दिशेस तोंड करून असावें. चुलीच्या किंवा भट्टीच्या शेजारीं असावें, कारण धूर या पक्ष्यास हितकर असतो. भिंती आंतून-बाहेरून गुळगुळीत लिंपाव्या, म्हणजे मांजरास व सापास वर चढतां येणार नाहीं. दांड्या चौकोनी तासाव्या, कारण वाटोळ्या गुळगुळीत दांडीवर उडी घेणारी कोंबडी घसरते. आडोशास कोरडी धूळ व राख पसरून ठेवावी, कोंबड्यांस तींत लोळून अंग स्वच्छ करतां येतें. त्याच्या आधीं सुमारें शंभर वर्षें, इ. स. पूर्व ३७ मध्यें, व्हारो यानेंही कोंबडीघराच्या खिडक्या विरळ विणलेल्या फोकांच्या असाव्या, म्हणजे उजेड आंत येईल पण घातक जनावर येणार नाहीं, असें सांगितलें होतें.

पाण्याच्या भांड्यांविषयीं कोल्युमेला जें लिहितो तें आम्हांस विशेष मार्मिक वाटलें. त्या काळीं शिशाचीं भांडीं प्रचारांत होतीं. पण लांकडाचीं किंवा मातीचीं अधिक उपयोगी, असा त्याचा अभिप्राय आहे. भांड्यास झांकण घालावें आणि वरच्या अंगास चार-चार बोटांच्या अंतरानें कोंबडीचें डोकें जाईल एवढीं भोकें पाडावीं. नाहींतर कोंबड्या पाण्यांत पाय घालतात, विष्ठा टाकतात व रोगी पडतात. येथें स्वस्त वस्तु हीच चांगली वस्तु ठरली आहे. हें नेहमींच घडतें असें नाहीं, परंतु खुराड्याच्या इतिहासांत तें वरचेवर घडलेलें दिसतें.

आपल्याकडील परंपरा ग्रंथांत नाहीं, ती बुरुडाच्या हातांत आहे. बांबूच्या कामट्यांचें डालें संध्याकाळीं कोंबड्यांवर पालथें घालावें, वर दगड ठेवावा, आणि डालें पडवींत माणसांच्या निजण्याजवळ असावें, ही कोंकणांतली व देशावरचीही जुनी रीत. कोंबडें झांकलें तरी तांबडें फुटायचें राहत नाहीं ही म्हण त्याच डाल्याखालून बाहेर पडलेली आहे. डाल्याचे गुण मोठे आहेत: वारा खेळतो, रोज जागा बदलतां येते, खालची शीट झाडून परसांतल्या अळवास घालतां येते. त्याचा दोष एवढाच कीं, त्याची खरी भिंत म्हणजे शेजारीं झोंपलेला माणूस. माणूस गाढ निजला कीं भिंत पडली. वरचा दगड हलका असला तर रानमांजर डालें सहज उलथतें.

युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोंबडीला अचानक प्रतिष्ठा प्राप्त झाली. व्हिक्टोरिया राणीनें विंडसर येथें कोंबड्यांसाठीं शोभिवंत इमारत बांधविली. चीनहून थोराड जातीचे पक्षी आले. १८४९ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें कोंबड्यांचें मोठें प्रदर्शन भरलें, आणि पुढें जें वेड पसरलें त्याचा उपहासपूर्ण इतिहास बर्नहॅम नांवाच्या, स्वतःच त्या व्यापारांत हात धुऊन घेतलेल्या गृहस्थानें १८५५ मध्यें लिहिला. या सर्व थाटामाटांतून परसांतल्या कोंबडीस मिळालें तें शून्य. तिला जें मिळालें तें निराळ्याच ठिकाणाहून. इंग्लंडांतील नॉरिच हें कापड विणणारांचें गांव. तेथल्या चार्ल्स बर्नार्ड यानें १८४४ सालीं मागाच्या धर्तीवर तारेची जाळी विणणारें यंत्र तयार केलें. जी जाळी पूर्वीं हातानें वळावी लागे ती यंत्रावर निघूं लागली, स्वस्त झाली, व षट्कोनी भोकांची ती हलकी जाळी जगभर कोंबड्यांची जाळी म्हणूनच ओळखली गेली.

या जाळीनें गरिबाचें जेवढें हित केलें तेवढाच त्याचा घातही केला, असें आमचें मत आहे. ती कोंबडीस आंत ठेवते. शत्रूस बाहेर ठेवीत नाहीं. कुत्रा ती दांतांनीं फाडतो, उंदीर व लहान मुंगूस भोकांतून शिरतात, आणि जाळीस टेंकून बसलेल्या कोंबडीचा पाय बाहेरूनच ओढला जातो. जाळी लावली म्हणून निर्धास्त झोंपणाऱ्याचें नुकसान डालेंवाल्यापेक्षां अधिक होतें, कारण डालेंवाला निदान सावध असतो. अनुभवी लोक जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी आणतात. ती महाग, म्हणून सगळ्या आवारास न लावतां केवळ रात्रीच्या पेटीच्या झरोक्यांस लावतात, आणि खालून उकरणाऱ्या जनावरासाठीं भिंतीच्या बुडाशीं सभोंवार फुटक्या विटा व धोंडे दाबून बसवितात.

दुसरी मोठी सुधारणा हवेची. थंडीच्या भीतीनें कोंबडीघर चोहोंकडून बंद करण्याची चाल होती. आंत ओल सांचे, शिटेची वाफ कोंडे, पक्षी खोकूं लागत. प्रिन्स वुड्स या अमेरिकन लेखकानें १९१२ सालीं मोकळ्या हवेच्या कोंबडीघरांवर पुस्तक लिहून तीन बाजू बंद, दक्षिणेची बाजू केवळ जाळीची, आणि दांड्या पार मागें, वाऱ्याचा झोत पोहोंचणार नाहीं अशा, ही रचना पुढें मांडली. चौथी भिंत बांधण्याचा खर्चच वांचला! कोंबडीस थंडी सोसते. ओल सोसत नाहीं. आपल्या पावसाळ्यांत हें सूत्र अधिकच लागू पडतें: दरवाजापेक्षां छपराचा पुढें आलेला वळचणीचा भाग व जमिनीपासून हातभर उंच तळ यांवर पैसा घालावा.

पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या शेतकी खात्यानें घरांतील दर माणसामागें परसांत दोन कोंबड्या पाळा, असा प्रचार चालविला. खात्याच्या पत्रिकेंत, कोंबड्यांस डौलदार घर लागत नाहीं, पियानोच्या दोन रिकाम्या खोक्यांच्या पाठी काढून तीं एकमेकांस जोडलीं तरी काम भागतें, आणि दर कोंबडीस तीन-चार चौरस फूट जागा असावी, असा उपदेश होता. पियानोचीं खोकीं हें वाचून आपल्याकडील वाचकास हसूं येईल. परंतु १९०९ या एका सालीं त्या देशांत तीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले होते. प्रत्येक देशाचा कचरा निराळा, आणि खुराडें कचऱ्याचेंच बांधावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धांत हें तत्त्व ब्रिटनांत कसास लागलें. लांकूड सरकारी नियंत्रणाखालीं. १९४१ पासून अंडींही. ज्या कुटुंबानें आपल्या वांट्याचीं अंडीं सोडून दिलीं त्यास कोंबड्यांच्या खाद्याचा शिधा मिळे. मग चहाचीं खोकीं, मोडके दरवाजे, बाँबनें पडलेल्या घरांच्या फळ्या यांतून लाखों खुराडीं उभीं राहिलीं. अंड्यांवरील नियंत्रण १९५३ सालीं उठलें, पण त्यापूर्वीं १९५० च्या एका कायद्यानें एक कायमची गोष्ट झाली. घरमालकानें भाडेपट्ट्यांत कितीही मनाई लिहिली असली तरी, धंद्यासाठीं नव्हे अशा कोंबड्या व ससे पाळण्याचा, आणि त्यासाठीं जरूर तेवढें खुराडें उभारण्याचा भाडेकरूचा हक्क त्यांत मान्य झाला. खुराड्यास कायद्याच्या पुस्तकांत जागा मिळाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकिवांत नाहीं. कायद्यांत नांव कोंबडीचें आहे, कोंबड्याचें नाहीं. पहाटेची झोंप प्रिय असणाऱ्या शेजाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां शत्रू बदलला आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर येथें भारतांतील पहिली बर्ड फ्लूची सांथ आढळली, आणि मोठ्या कोंबडीपालनगृहांबरोबर त्या परिसरांतील परसांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. इंग्लंडांत डिसेंबर २०१६ मध्यें, व पुन्हां नोव्हेंबर २०२२ मध्यें, परसांतल्या दोन कोंबड्यांनाही छपराखालीं कोंडण्याचा हुकूम निघाला. हा रोग रानपक्ष्यांच्या, विशेषतः पाणपक्ष्यांच्या, विष्ठेंतून येतो. त्याला रात्र लागत नाहीं. म्हणजे ज्या कोंबडीचा दिवस आजवर फुकट जात होता, तिच्या दिवसालाही आतां छप्पर हवें, आणि तें जाळीचें नव्हे, पाणी न गळणारें हवें. चार कोंबड्यांच्या मालकिणीस हा खर्च जड आहे. बांबूचा सांगाडा, वर ताडपत्रीचा उतरता तुकडा, दाणा छपराखालींच टाकण्याची शिस्त, एवढें तिच्या आटोक्यांत येतें. पाण्यासाठीं कोल्युमेलानें सांगितलेलें झांकणाचें व भोकांचें मातीचें भांडें कोणताही कुंभार आजही घडवून देईल.