लोकोपयोगी कंपनीच्या भागाचे मूल्य आणि यवतमाळची शाखा-रेल्वे : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लोकोपयोगी सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या भागाची वाजवी किंमत कशी ठरवावी, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात वित्त व्यवस्थापनाच्या एका प्रकरणात येतो आणि बहुधा तेथेच संपतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. प्रस्तुत निबंधात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे, की आज आधुनिक म्हणून शिकविल्या जाणाऱ्या एका मूल्यमापन-पद्धतीचे मूळ रूप वसाहतकालीन रेल्वे-करारांत आढळते, आणि त्या पद्धतीत काय चुकू शकते याचे बोलके उदाहरण यवतमाळ जिल्ह्यात, यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद मार्गाच्या रूपाने उपलब्ध आहे.

पद्धतीचे स्वरूप

कोणत्याही भागाचा बाजारभाव भागिले त्या भागाचे पुस्तकी मूल्य, हे गुणोत्तर सर्वपरिचित आहे. पुस्तकी मूल्य म्हणजे ताळेबंदातील मालमत्तेतून देणी वजा जाता भागधारकांच्या वाट्याला उरणारी रक्कम. हे गुणोत्तर एका वर्षाच्या आकड्यांवर काढले, तर त्या वर्षाच्या तेजी-मंदीचा रंग त्याला चढतो. यावर उपाय म्हणून अनेक वर्षांची सरासरी घ्यावी, हा विचार बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 च्या आपल्या ग्रंथात नफ्याच्या संदर्भात मांडला. 1988 साली जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी दहा वर्षांच्या, महागाईनुसार समायोजित केलेल्या सरासरी नफ्याशी भागांच्या किमतीची तुलना केली. तोच संस्कार पुढे नफ्याऐवजी पुस्तकी मूल्यावर करण्यात आला. मागील दहा वर्षांतील प्रत्येक वर्षाचे दरभागी पुस्तकी मूल्य आजच्या रुपयांत आणावयाचे, त्यांची सरासरी काढावयाची आणि तिने आजच्या भावाला भागावयाचे. यालाच चक्र-समायोजित किंमत-पुस्तकी मूल्य गुणोत्तर असे म्हणतात.

लोकोपयोगी कंपन्यांना हे माप विशेष जुळते असे मानले जाते. त्याचे कारण अर्थशास्त्रात शोधण्यापेक्षा कायद्यात शोधणे अधिक सोपे आहे. साबण विकणारा कारखानदार आपला भाव स्वतः ठरवितो. वीज किंवा रेल्वे कंपनीला किती मिळावे हे मात्र शासन ठरविते, आणि ते ठरविताना गुंतलेल्या भांडवलाचा आधार घेते. विद्युत (पुरवठा) अधिनियम, 1948 याच्या सहाव्या अनुसूचीने परवानाधारक कंपनीला तिच्या भांडवली पायावर 'वाजवी परतावा' मान्य केला. हा दर पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराशी जोडला गेला आणि त्यापेक्षा जास्त उरलेल्या नफ्याचा काही भाग ग्राहकांकडे परत वळविण्याची तरतूद करण्यात आली. केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2009 पासूनच्या नियमावलीत वीजनिर्मिती कंपन्यांसाठी भागभांडवलावर 15.5 टक्के हा मूळ दर धरला, त्यामागील तत्त्वही हेच आहे. पुस्तकातील आकडा हाच उत्पन्नाचा उगम असेल, तर भागाचे मूल्य त्या आकड्याभोवतीच फिरणार. 15.5 टक्के मिळणाऱ्या आणि वाढ न होणाऱ्या कंपनीकडून गुंतवणूकदाराची अपेक्षा 12.5 टक्क्यांची असेल, तर वाजवी गुणोत्तर 15.5 भागिले 12.5 म्हणजे 1.24 इतके येते. यापुढचा सारा वाद सरासरी कशाची आणि किती वर्षांची, एवढ्यापुरताच उरतो.

जुन्या करारांतील सरासरी

हा वाद भारतात दीडशे वर्षांहून जुना आहे. हमी-पद्धतीच्या पहिल्या रेल्वे कंपन्यांशी ईस्ट इंडिया कंपनीने केलेल्या करारांत सरकारला ठराविक मुदतीनंतर रेल्वे विकत घेण्याचा अधिकार होता. त्यासाठी मोजावयाची किंमत म्हणजे आधीच्या तीन वर्षांतील लंडनच्या बाजारातील भागांच्या भावाची सरासरी. एका दिवसाच्या भावावर कोणाचाच विश्वास नव्हता. ईस्ट इंडियन रेल्वे 1880 च्या सुमारास सरकारने घेतली, तेव्हा 100 पौंडांच्या भागाला 125 पौंड या हिशेबाने मोबदला ठरला. म्हणजे आजच्या परिभाषेत गुणोत्तर 1.25. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1900 साली सरकारी मालकीची झाली.

या पद्धतीत एक उघड दोष होता. भागाचा भाव हा हमीमुळेच चढलेला होता, आणि ती हमी भारतीय महसुलातून दिलेली होती. सरकार आपणच फुगविलेला भाव आपणच मोजत होते. म्हणून पुढे छोट्या शाखामार्गांसाठी 1893 साली आखलेल्या आणि 1896 व 1910 साली सुधारलेल्या अटींच्या काळात बाजारभावाऐवजी उत्पन्न आणि भांडवल यांच्या मिश्रणातून किंमत काढणारे कलम रूढ झाले. अशा अनेक करारांत आढळणारे सूत्र असे : मागील तीन वर्षांच्या सरासरी नक्त उत्पन्नाची 25 पट, परंतु एकूण भांडवली खर्चापेक्षा कमी नाही आणि त्यापेक्षा 20 टक्क्यांहून अधिक नाही.

या सूत्राकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. भांडवली खर्च 100 धरला, तर 25 पटीने 100 ही किंमत येण्यासाठी सरासरी उत्पन्न 4 असावे लागते, आणि 120 येण्यासाठी 4.8. उत्पन्न 2 असले तरी मालकाला 100 मिळणार, 9 असले तरी 120 च्या वर काही मिळणार नाही. तीन वर्षांचे उत्पन्न 6, 5 आणि 2 असे असेल, तर सरासरी 4.33 आणि किंमत 108 च्या आसपास. सरासरीला काही अर्थ उरतो तो 4 आणि 4.8 यांमधील एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात. त्या पट्ट्याबाहेर किंमत ठरविणारा खरा आकडा एकच, पुस्तकी मूल्य. वरकरणी उत्पन्नाचे भासणारे हे सूत्र अशा रीतीने किंमत-पुस्तकी मूल्य गुणोत्तराला 1 आणि 1.2 यांच्या मध्ये डांबून ठेवणारे सूत्र होते. इंग्रज अधिकाऱ्यांची हिशेबी बुद्धी येथे मान्य करावी लागते.

यवतमाळचा मार्ग

यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोहोचली, पण यवतमाळ शहर तिच्या वाटेवर आले नाही. धामणगाव हे जवळचे स्थानक, आणि तेथपर्यंत कापसाच्या गाड्या बैल ओढीत असत. ही उणीव भरून काढण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मूर्तिजापूर येथून एक मार्ग कारंजा, दारव्हा या गावांवरून यवतमाळकडे आणि दुसरा अचलपूरकडे असा 762 मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग अस्तित्वात आला. यवतमाळचा फाटा सुमारे 113 किलोमीटरचा. लोक त्याला 'शकुंतला' म्हणून ओळखतात. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, आणि तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही 1857 साली स्थापन झालेली व्यवस्थापकीय अभिकर्ता पेढी. गाड्या चालविण्याचे काम मुख्य मार्गाच्या रेल्वेकडे, आणि उत्पन्नातील ठराविक हिस्सा मालक कंपनीकडे, अशी ही व्यवस्था होती.

या मार्गाचे उत्पन्न कापसाला बांधलेले होते. महायुद्धाच्या अखेरीच्या वर्षांत कापसाचे भाव चढले, आणि 1929 नंतरच्या जागतिक मंदीत ते कोसळले. 1920 साली संपणारी तीन वर्षे आणि 1932 साली संपणारी तीन वर्षे यांच्या सरासऱ्या एकाच रेल्वेच्या आहेत असे कोणाला वाटणार नाही. कापसाच्या चक्रासाठी तीन वर्षे फारच थोडी. दहा वर्षांची सरासरी घ्यावी, हा आधुनिक आग्रह येथे पूर्णपणे योग्य ठरतो, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

अॅकवर्थ समितीने 1921 च्या आपल्या अहवालात शाखामार्ग कंपन्यांच्या वाढत्या संख्येबद्दल प्रतिकूल मत नोंदविले आणि त्या दशकात सरकारने अशा नव्या कंपन्यांना उत्तेजन देणे सोडले. अस्तित्वात असलेल्या कंपन्या मात्र राहिल्या. 1951 साली मध्य रेल्वेची रचना झाली. यवतमाळचा मार्ग ती चालवू लागली, पण त्याची मालकी खाजगीच राहिली. दर दहा वर्षांनी खरेदीचा पर्याय पुढे येई. दर वेळी तो न वापरण्याचा निर्णय होई.

हा निर्णय पुन्हा पुन्हा का झाला, याचे उत्तर वरील सूत्राच्या तळाशी दडलेले दिसते. ज्या मार्गाचे उत्पन्न घटत चालले आहे, त्यासाठी किमान संपूर्ण भांडवली खर्च मोजण्याचे बंधन असेल, तर खरेदीदार पुढे येणार नाही. दुसऱ्या बाजूने, मालकाने नवे रूळ टाकले तर 20 टक्क्यांच्या मर्यादेमुळे त्याला वाढीव लाभ थोडाच मिळणार, आणि मार्ग चालविणारा दुसऱ्याच्या मालमत्तेत पैसा कशाला ओतणार? कंपनीच्या पुस्तकातील आकडा सुरक्षित राहिला, आणि त्या आकड्यामागील रूळ झिजत गेले. या मार्गावर वाफेचे इंजिन 1994 पर्यंत चालत होते. परदेशी छायाचित्रकारांना त्याचे कौतुक वाटे, पण दारव्ह्याच्या प्रवाशाला ते वाटण्याचे कारण नव्हते.

महागाईचे समायोजन : एक आक्षेप

आता आधुनिक पद्धतीतील दुसरा घटक, म्हणजे जुनी पुस्तकी मूल्ये महागाईनुसार वाढविणे, तपासून पाहू. एखाद्या कंपनीचे दरभागी पुस्तकी मूल्य दहा वर्षे 100 रुपयांवरच थांबले आहे आणि महागाई दरसाल 7 टक्के आहे असे धरू. प्रत्येक वर्षाचे 100 आजच्या रुपयांत आणून सरासरी काढली, तर ती सुमारे 138 येते. भागाचा भाव 110 असेल तर साधे गुणोत्तर 1.10, आणि समायोजित गुणोत्तर सुमारे 0.80. भाग एकाएकी स्वस्त दिसू लागतो. याउलट दुसरी कंपनी दरसाल 15 टक्क्यांनी मालमत्ता वाढवीत आज 100 वर पोहोचली असेल, तर तिची समायोजित सरासरी केवळ 74 च्या आसपास येते. तिच्या भागाचा भाव 150 असल्यास साधे गुणोत्तर 1.5, समायोजित गुणोत्तर 2 च्या वर. ती महाग ठरते.

म्हणजे जी कंपनी काहीच बांधत नाही तिला ही पद्धत झुकते माप देते आणि जी बांधते तिला दंड करते. बाजारातील शेकडो भागांच्या निर्देशांकासाठी हा दोष कदाचित एकमेकांत मिटून जात असेल. एका लोकोपयोगी कंपनीच्या बाबतीत तो मिटत नाही, कारण तिला परतावा मिळतो तो मूळ खर्चावर. 138 हा आकडा कोणत्याही नियामकाने मान्य केलेला नाही. त्यावर कोणी दर आकारू देत नाही. गुंतवणूकदाराच्या कागदावर तो आहे, ताळेबंदात नाही आणि करारातही नाही.

हा फरक एकाच पेढीच्या दोन कंपन्यांत पाहता येतो. 1913 साली स्थापन झालेल्या अहमदाबाद इलेक्ट्रिसिटी कंपनीचे व्यवस्थापनही किलिक निक्सनकडेच होते. व्यवस्थापकीय अभिकर्ता पद्धती 1970 साली कायद्याने संपली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वीज कंपनी टोरेंट समूहाकडे गेली. मधल्या काळात तिने सहाव्या अनुसूचीच्या चौकटीत वीजकेंद्रे वाढविली, कारण नव्या भांडवलावर नवा परतावा कायद्याने मान्य होता. यवतमाळच्या रेल्वेला तसा मार्ग नव्हता. मुंबईच्या एकाच पेढीच्या या दोन कंपन्यांपैकी एकीचा भांडवली पाया वाढत गेला आणि दुसरीचा गोठला, तो करारातील कलमांमुळे. व्यवस्थापनाच्या कुशलतेचा वाटा यात नसेलच असे नाही, पण तो दुय्यम मानावा लागेल.

यावरून प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे, की भारतीय लोकोपयोगी कंपनीच्या भागाचे मूल्यमापन करताना सरासरी अवश्य घ्यावी, आणि ती भांडवलावरील परताव्याची घ्यावी. दुष्काळ, कोळशाची टंचाई, थकबाकी किंवा दरनिश्चितीतील विलंब यांचा परिणाम त्यामुळे सपाट होतो. पुस्तकी मूल्य मात्र चालू वर्षाचे, मान्यताप्राप्त, मूळ खर्चाचेच धरावे, आणि त्यापुढे एक प्रश्न ताळेबंदाबाहेर जाऊन विचारावा : या रकमेने घेतलेली वस्तू अजून काम करीत आहे काय? घसारा-निधीतून नूतनीकरण किती झाले, हे पाहिल्यास त्याचे उत्तर बहुधा मिळते. आपल्या महाविद्यालयांतील वित्त विषयाच्या अध्यापनात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गुणोत्तरे पाठ करून घेतली जातात आणि करार वाचला जात नाही.

यवतमाळच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ रेल्वेच्या वेगात दिसत होते. 2016 साली या अरुंद मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे 1,500 कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता जाहीर झाली. यवतमाळला जोडणारा वर्धा–नांदेड हा नवा रुंद मार्ग स्वतंत्रपणे हाती घेण्यात आला आहे आणि त्यातील वर्धा–कळंब टप्प्याचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमात झाले. कळंबपर्यंत आलेल्या या मार्गाची मालकी आरंभापासून सरकारची आहे, आणि त्यासाठी कोणत्याही खरेदी-कलमाची गरज पडलेली नाही.