तांबड्या कणांची पेशी

तोंडात न भरणारी जखम असेल, तर डॉक्टर तिथला छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. काही दिवसांनी येणाऱ्या अहवालात कधी कधी ‘इओसिनोफिल’ असा शब्द असतो. घरची माणसं तो वाचून घाबरतात. ही पेशी चांगली की वाईट, हा त्यांचा प्रश्न असतो. गंमत म्हणजे विज्ञान शंभरहून अधिक वर्षं हाच प्रश्न विचारतं आहे.

या शब्दाचा जन्म कापडाच्या रंगातून झाला. 1870च्या दशकात जर्मनीत हाइनरिख कारो या रसायनशास्त्रज्ञानं गुलाबी-तांबडा रंग देणारं एक द्रव्य तयार केलं. ग्रीक पुराणातल्या पहाटेच्या देवीचं नाव इओस, त्यावरून त्याला इओसिन म्हणू लागले. 1879 मध्ये पाउल एर्लिख या पंचविशीतल्या डॉक्टरनं हा रंग रक्ताच्या पातळ थरावर वापरला. काही पांढऱ्या पेशींतले कण तो शोषून तांबडे दिसू लागले. इओसिनची ओढ असलेली, म्हणून ती इओसिनोफिल. त्याआधी 1846 मध्ये इंग्लंडमधले व्हार्टन जोन्स यांनी जाड कणांच्या रक्तपेशी पाहिल्या होत्या, पण त्यांची पक्की ओळख पटली ती रंगामुळेच.

निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशींत यांचं प्रमाण साधारण 1 ते 5 टक्के असतं. त्यांच्या कणांत विषारी प्रथिनं असतात आणि त्यांच्या जोरावर त्या जंतांशी लढतात. दमा आणि ॲलर्जीत मात्र हेच शस्त्र आपल्याच शरीरावर उलटतं.

कर्करोगाशी त्यांचं नातंही जुनं आहे. 1893 मध्ये मानेत गाठ असलेल्या एका रुग्णाच्या रक्तात त्या वाढल्याची नोंद झाली. 1896 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्या थेट गाठीच्या आत जमलेल्या दिसल्या. पुढे तोंड, जीभ, घसा आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगांतही त्या मोजल्या गेल्या, आणि वाद सुरू झाला. काही अभ्यासांत या पेशी भरपूर असलेले रुग्ण जास्त जगले. काहींत उलट दिसलं: जिथं त्या अधिक, तिथं गाठ खोल शिरलेली किंवा मानेतल्या ग्रंथींपर्यंत पोचलेली. दोन्ही गोष्टी शक्य आहेत. ही पेशी विषारी प्रथिनांनी कर्कपेशी मारू शकते, आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारे पदार्थ सोडून गाठीला मदतही करू शकते. शिवाय मोजण्याची पद्धत सगळीकडे एकसारखी नाही. म्हणून अहवालातल्या या एका शब्दावरून रुग्णाचं भविष्य सांगता येत नाही.

ही पेशी काय करते, याचा वाद चालू असतानाच रोग कशानं होतो, याचा शोध मुंबईत परळला चालला होता. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं. तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग 1,000 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. 1955 मध्ये संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी रुग्णांच्या आणि इतरांच्या सवयींची तुलना केली. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या, तर ओढण्याचा घशाच्या कर्करोगाशी दिसला. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं.

म्हणजे अवघड प्रश्नाचं उत्तर बाकी आहे, सोप्याचं केव्हाच मिळालं आहे. तरी आपल्याकडे वलीम्यानंतर पानाचं तबक फिरतंच. रमजानमध्ये दिवसभर पाण्याचा थेंबही न घेणारा माणूस इफ्तारनंतर मशिदीबाहेर पुडी फाडताना दिसतो. बारा-तेरा तास ज्याला तंबाखूशिवाय राहता येतं, त्याला ‘सुटतच नाही’ असं म्हणता येणार नाही. सोडणं अवघड आहे, पण सबराची सवय तर आपल्याला आहे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड नीट उघडेनासं झालं, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर अहवालात काय येईल या भीतीनं घरी बसू नका. लवकर दाखवा. एर्लिखच्या रंगाचा उपयोगही त्यानंतरच होतो.